मूत्रवाहिनीचे वचन

“वचन दाखवा,” गुरुजी म्हणाले आणि कळ आली म्हणून उशीचा कोपरा दातांत धरून भिंतीकडे वळले.

जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टर सिद्दीकींच्या हातात क्ष-किरणांची काळी फिल्म होती. ती खिडकीच्या उजेडात धरून ते गुरुजींना बराच वेळ एक पांढरी रेघ दाखवत होते. उजव्या मूत्रपिंडापासून निघून, पाठीच्या कण्याच्या कडेकडेने उतरत मूत्राशयाला मिळणारी ती रेघ अगदी स्पष्ट होती. डावीकडेही तशीच रेघ निघत होती. पण ती मध्येच एका ठिपक्यापाशी थांबली होती आणि ठिपक्याच्या वरच्या अंगाला मूत्रपिंड फुगून कच्च्या पपईसारखे झाले होते.

“हा खडा हरभऱ्याएवढा आहे,” डॉक्टर म्हणाले. “आणि नळी बोरूहून बारीक. तो आता वरही सरकत नाही, खालीही येत नाही. मागे मूत्र तुंबलंय, त्यात पू झालाय. उद्या दुपारच्या आत नळी उघडून खडा काढला, तर शास्त्रीजी घरी जातील. नाही काढला, तर ते विष रक्तात जाईल. मग माझ्या हातात काही नाही.”

हे सर्व त्यांनी उत्तम मराठीत सांगितले होते. हैदराबादेत शिकलेला, मितभाषी, हातांची नखे मुळापासून कापणारा असा तो मनुष्य होता. आमच्या गुरुजींचा आक्षेप त्यांच्या धर्माला नव्हता आणि त्यांच्या शस्त्रालाही नव्हता. आक्षेप होता तो नळीला.

वचन म्हणजे काय, असे डॉक्टरांनी मला विचारले. प्राचीन ग्रंथातील आधार, असे मी सांगितले. आधार मिळाल्यावाचून गुरुजी पाऊल उचलत नाहीत, असेही सांगितले. त्यांनी पुन्हा एकदा फिल्मकडे पाहिले आणि मग गुरुजींच्या पाठीकडे.

“आणि हे जे डोळ्यांना दिसतंय ते?”

भिंतीकडूनच उत्तर आले. “ती छाया आहे. छाया हे प्रमाण नव्हे.”

या गोष्टीला आता पंचावन्न वर्षे झाली. गुरुजी म्हणजे पैठणच्या पाठशाळेचे आचार्य धुंडिराजशास्त्री आंबेकर. मी, पद्मनाभ, बारा वर्षे त्यांच्यापाशी शिकलो होतो आणि त्या वर्षी सव्वीस वर्षांचा होऊन तेथेच लहान विद्यार्थ्यांना शिकवू लागलो होतो. गुरुजींच्या पायांशी बसून मी जे मिळवले त्यावर माझा सारा जन्म चालला, आणि त्यांचे नाव घेताना आजही माझा हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कोणी असे समजू नये की माझी भक्ती तसूभर उणी होती. भक्ती पुरेपूर होती. ती नसती तर मी ते पाप केलेच नसते.

नळीशी गुरुजींचे वैर जुने होते. मूत्राशय कसे भरते, या विषयावर त्यांनी ‘बस्तिपूरणविचार’ नावाचा साडेतीनशे पृष्ठांचा प्रबंध लिहिला होता. नवा मातीचा घट गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला म्हणजे तो जसा अंगच्या छिद्रांतून पाझरून आत भरतो, तसेच मूत्राशय सहस्र सूक्ष्म मुखांतून पाझरून भरते, हा त्यांचा सिद्धान्त. त्याची प्रत्यक्ष सिद्धता त्यांनी पाठशाळेच्या वार्षिक समारंभात सर्वांसमोर करून दाखवली होती. पिंपात घट बुडवून ठेवला आणि भाषण सुरू केले. भाषण संपायच्या आत घट काठोकाठ भरला. सभेने टाळ्या वाजवल्या. घट मीच कुंभारवाड्यातून आणला होता, आणि त्याच्या बुडाला केसाएवढी चीर आहे हे मला घाटावरच कळले होते; पण समारंभाला अर्धा तास उरला होता.

दोन नळ्यांचे काय, असे एकदा वैद्यकाच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी पत्राने विचारले. आम्ही शवात त्या नित्य पाहतो, असे त्यांनी लिहिले होते. गुरुजींनी एका ओळीचे उत्तर पाठवले: प्रेतात जे दिसते ते प्रेताचे. या उत्तराची पैठणात महिनाभर वाहवा झाली.

आणि आता त्यांच्या डाव्या कुशीत, त्यांनीच नाकारलेल्या जागी, हरभऱ्याएवढा एक खडा रुतून बसला होता.

डॉक्टर गेले आणि समाचाराला मंडळी आली. पैठणहून सकाळच्या एस.टी.ने तिघे शास्त्री आले होते. पलंगाशी बसताच त्यांनी प्रकृतीची चौकशी केली आणि मग तडक विषयाला हात घातला. बाळंभट वालूरकरांचे म्हणणे असे की कळ पाठीत उठते आणि एका रेषेत जांघेपर्यंत उतरते, त्या अर्थी तेथे काहीतरी रेषेसारखे असावे असे अनुमान निघते. दुसऱ्यांनी हे अनुमान सदोष ठरवले. वीजही रेषेत उतरते, म्हणून आकाशात नळी आहे काय, असे त्यांनी विचारले. तिसऱ्यांनी रोग्यालाच पंच केले. कळ नेमकी कशी उतरते ते आपण सांगावे, म्हणजे निर्णय होईल, असे ते म्हणाले. गुरुजींचे कपाळ घामाने डबडबले होते, ताप चढला होता; तरी त्यांनी कण्हता कण्हता दृष्टान्तातील दोष दाखवला आणि वाद रंगला. रोग्यासाठी आणलेली मोसंबी वादाच्या ओघात संपली. दहा वाजता मंडळी नळीच्या अभावावर एकमत करून, समाधानाने परतली.

मी व्हरांड्यात आलो. तेथे बाकावर आक्का बसल्या होत्या. आक्का म्हणजे गुरुजींच्या पत्नी. चाळीस वर्षे त्यांनी पाठशाळेतल्या पोरांना रांधून वाढले होते, आणि त्या चाळीस वर्षांत ओसरीवर जेवढे शास्त्रार्थ झाले तेवढे सारे स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकले होते. वादात त्या कधी पडल्या नव्हत्या. बाईमाणसाने उंबऱ्याबाहेर येऊन बोलावे असा तो काळ नव्हता आणि तशी ती पाठशाळाही नव्हती.

“काय ठरलं?” त्यांनी विचारले.

“नळी नाही असं ठरलं.”

“आणि डॉक्टर काय म्हणाले?”

मी सांगितले. उद्या दुपार, हेही सांगितले. आक्कांनी पदराने तोंड पुसले.

“वचन मिळालं तर ऐकतील?”

“ऐकतील. वचनापुढे ते जात नाहीत.”

“मग आण की.”

“असं वचन माझ्या माहितीत नाही, आक्का.”

“पदू,” आक्का म्हणाल्या, “बारा वर्षं माझ्या हातचं जेवलास. काय शिकलास पाठशाळेत?”

“संस्कृत.”

“मागच्या साली तहसीलदार आले, तेव्हा त्यांच्यावर पंचवीस श्लोक केलेस. त्यांना सूर्य म्हणालास, समुद्र म्हणालास. आम्ही बघितला ना तो माणूस. ते कोणत्या ग्रंथात होतं?”

त्यांनी पदराची गाठ सोडली, एस.टी.चे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि संध्याकाळच्या गाडीने परत ये, असे सांगून त्या आत गेल्या.

पैठणला पोहोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. पाठशाळा सामसूम होती. पोथ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्यापाशीच असे. लाल बासनातली एक पोथी मी काढली. तिच्या शेवटी तीन पाने कोरी होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या कोणा लेखकाने पुढे काही लिहायचे म्हणून ठेवलेली. त्यांतले एक मी काढले. काढले म्हणजे फाडले. पोथीला पाय लागला तर जो दिवसभर जेवत नसे, त्या मी ते पान दोन्ही हातांनी धरून फाडले, आणि त्याचा आवाज मला पुष्कळ मोठा वाटला.

मग बोरू तासला आणि काजळीची शाई घोटली. जुन्या वळणाचे अक्षर काढण्याचा हात मला गुरुजींनीच घालून दिला होता. अडीच तास खपून मी दोन ओळी रचल्या.

वृक्काभ्यां निर्गते नाड्यौ बस्तिं प्रति गते उभे ।
तयोर्लग्नाश्मरी हार्या शस्त्रेण कुशलेन वै ॥

मूत्रपिंडांपासून निघालेल्या दोन नाड्या मूत्राशयाकडे जातात. त्यांत अडकलेला खडा कुशल मनुष्याने शस्त्राने काढावा, एवढाच अर्थ. यापेक्षा सपाट श्लोक मी तहसीलदारांवरही केला नव्हता. शेवटचा ‘वै’ तर केवळ एक अक्षर कमी पडत होते म्हणून ठेवला होता. पान एकटे आणि उघडे वाटू नये यासाठी वर-खाली दुसऱ्या विषयाच्या काही निरुपद्रवी ओळी भरल्या, कडेला सतरा हा आकडा घातला, हळदीच्या पाण्याचा बोळा फिरवला आणि पान चुलीच्या धगीवर धरून वाळवले.

रात्री आठला मी रुग्णालयात परतलो. पान गुरुजींच्या हातात दिले. कुठे मिळाले, असे त्यांनी विचारले. एका जीर्ण बासनात सुटे सापडले, असे मी म्हणालो. हे मी त्यांच्याशी बोललेले पहिले असत्य. चष्मा लावून त्यांनी श्लोक वाचला. पुन्हा वाचला. मग पान कपाळाला लावले.

“कोणाचं असावं?”

“नाव नाही, गुरुजी.”

“नसणारच. असे लोक नाव ठेवत नाहीत.” त्यांनी बोट ठेवून दाखवले. “हा ‘वै’ पाहिलास? केवढा निश्चय आहे त्यात. आजचा कोणी कवी असता, तर तेथे काहीतरी भरीचं घातलं असतं.”

मी मान डोलावली. माझ्या मागे आक्का उभ्या होत्या, त्या खोकल्या.

गुरुजींनी डॉक्टरांना बोलावून घेतले आणि वचन असल्याने शस्त्रक्रियेला आपली अनुमती आहे, असे सांगितले. डॉक्टरांनी ते पान आदराने हातात घेतले, उलटसुलट पाहिले. किती जुने असेल, असे त्यांनी मला विचारले. बरेच, असे मी म्हणालो. त्यांची दृष्टी माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर काही काळ थांबली.

“पंडितजी,” ते हळूच म्हणाले, “हात धुऊन या. साबण तिथे आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता चाकांची गाडी घेऊन दोन कर्मचारी दाराशी आले. रात्रीतून गुरुजींचा ताप आणखी वाढला होता, ओठ सुकले होते. पण डोळ्यांत एक निराळेच तेज होते. ते तेज मी ओळखत होतो. एखाद्या प्रतिपक्ष्याची चूक सापडली म्हणजे ते त्यांच्या डोळ्यांत येत असे.

“पद्मनाभ,” ते म्हणाले, “तू आणलेलं पान उत्तम आहे. पण तू ते नीट वाचलं नाहीस.”

“म्हणजे, गुरुजी?”

“ग्रंथकार आधी काय मांडतो?”

“पूर्वपक्ष.”

“आणि मग?”

“खंडन करून सिद्धान्त.”

“हे दोन नाड्यांचं मत ग्रंथकाराचं कसं असेल? इतका थोर माणूस असं कसं म्हणेल? हे समोरच्याचं मत आहे. त्याने ते प्रामाणिकपणे मांडलंय, खोडण्यासाठी. हे सतरावं पान. खंडन अठराव्यावर असणार.” त्यांनी उशीवर डोके टेकले. “अठरावं आण. मग बघू.”

काय चालले आहे, असे डॉक्टरांनी मला विचारले. मी समजावून सांगितले: शास्त्रीय ग्रंथात प्रथम विरोधी मत मांडण्याची रीत असते, आणि आपले वचन हे तसले विरोधी मत आहे, असे गुरुजींना वाटते. सिद्दीकींनी ते शांतपणे ऐकले.

“म्हणजे नाही म्हणतायत.”

“पुढचं पान मिळेपर्यंत नाही.”

“ते कुठे मिळेल?”

या प्रश्नाचे उत्तर संपूर्ण जगात एकट्या मला ठाऊक होते. डॉक्टरांनी गुरुजींची नाडी पाहिली आणि ती सोडून माझ्याकडे पाहिले. ताप असाच चढला तर बारा वाजता आपण सुरी धरू शकणार नाही, असे त्यांनी आवाज न चढवता सांगितले. माणूस शुद्धीवर असताना त्याच्या इच्छेविरुद्ध आपण त्याला हात लावणार नाही, हेही सांगितले. दाराशी कर्मचारी गाडीला टेकून उभे होते. त्यांतल्या एकाने विडीचे बंडल काढले आणि पुन्हा खिशात ठेवले.

मी पलंगाशी गुडघे टेकले.

“गुरुजी, अठरावं पान नाही.”

“कशावरून?”

“सतरावंही नव्हतं. ते मी काल दुपारी लिहिलं. पाठशाळेत बसून. श्लोक माझा आहे.”

बारा वर्षांची सेवा, गुरुजींचा विश्वास, पुढे कधीतरी मिळेल अशी आशा असलेली त्यांची गादी, हे सारे मी त्या चार वाक्यांत घाटावरून नदीत सोडून दिले होते. गुरुजी मला काय म्हणतील, या विचाराने मी डोळे मिटून घेतले.

गुरुजी हसले. हसण्याने कूस दुखली म्हणून थांबले, आणि पुन्हा हसले.

“तू?”

“हो, गुरुजी.”

“हा श्लोक?”

“हो.”

“पद्मनाभ,” ते अतिशय मायेने म्हणाले, “तुझी ती योग्यता नाही.”

मी शाईचे सांगितले, फाडलेल्या पानाचे सांगितले, हळदीच्या पाण्याचे सांगितले. गुरुजींनी एकेक ऐकून घेतले आणि एकेकाचे खंडन केले. शाई काजळीचीच असते, पान पोथीतलेच असते, आणि हळद कुठे नसते? मग त्यांनी मला आज्ञा केली की तू कवी आहेस ना, मग याच छंदात, याच विषयावर, आत्ता एक श्लोक कर.

भरल्या सभेत मी कधी अडखळलो नव्हतो. तेथे, औषधांच्या वासात, चाकांच्या गाडीसमोर, माझ्या गुरूचे प्राण घटकेवर आलेले असताना, मी श्लोक करू लागलो. पहिला चरण जमला. दुसऱ्यात मी वैद्याला चंद्राची उपमा दिली. तिसऱ्यात अडकलो. गुरुजींनी तो चरण स्वतः पुरा केला, चंद्र काढून टाकला, आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाले, “बघा. हा याचा. तो ऋषीचा. कोणालाही कळेल.”

आज सांगायला हरकत नाही. त्या क्षणी मला गुरुजींच्या प्राणांची चिंता वाटायला हवी होती. पापाची लाज वाटायला हवी होती. मला वाटला तो अपमान. तो दुसरा श्लोक त्यांनी म्हटले तितका वाईट नव्हता.

एवढ्यात मोठी कळ आली. गुरुजींनी पलंगाची कड धरली, त्यांचे अंग धनुष्यासारखे वळले आणि भांडे पुढे करेपर्यंत त्यांना उलटी झाली. आक्कांनी त्यांचे तोंड पुसले, पाठीवरून हात फिरवला, भांडे खाली ठेवले. मग त्या पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. जेथे कालचे तिघे शास्त्री बसले होते तेथे.

“मी एक विचारू?” त्या म्हणाल्या.

गुरुजींनी डोळे उघडले. चाळीस वर्षांत त्या दिशेने त्यांना कधी प्रश्न आला नव्हता.

“खंडन होईस्तोवर पूर्वपक्षाचं काय होतं?”

“काय होतं म्हणजे?”

“उभा राहतो का पडतो?”

गुरुजी विचारात पडले. प्रश्न योग्य होता, आणि योग्य प्रश्न कोणाचाही असला तरी टाळायचा नाही, ही त्यांची स्वतःचीच शिकवण होती.

“उभा राहतो,” ते म्हणाले.

“म्हणजे अठरावं पान मिळेस्तोवर नळी आहे.”

“आहे असं धरून चालावं लागेल.”

“आणि तिच्यात खडा आहे.”

“ते त्यात आलंच.”

“मग धरलेल्या नळीतला धरलेला खडा या डॉक्टरांना काढू द्या. पान सापडलं की नळी नव्हती असं ठरवू. पण ते ठरवायला तुम्ही पाहिजे ना? का बाळंभटांवर सोडायचं?”

बाळंभट वालूरकर अठराव्या पानाचा अर्थ लावताहेत, हे चित्र गुरुजींच्या डोळ्यांसमोरून गेले असावे. त्यांच्या चेहऱ्यावर कळेपेक्षाही अधिक पीडा उमटली.

“शास्त्रतः दोष नाही,” अखेर ते म्हणाले, आणि कर्मचाऱ्यांकडे पाहून त्यांनी मान हलवली. “चला.”

गाडी दारातून वळली तेव्हा त्यांनी हात वर करून मला खूण केली. मी धावत गेलो. “अठरावं शोध,” ते म्हणाले.

शस्त्रक्रियेला पाऊण तास लागला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर सिद्दीकींनी काचेच्या बाटलीत खडा आणून दाखवला; तपकिरी, काटेरी, चिंचोक्याच्या तुकड्यासारखा. कोठून निघाला, असे गुरुजींनी विचारले. नळीतून, असे डॉक्टर म्हणाले. “असं आपलं मत,” गुरुजी सौजन्याने म्हणाले, आणि त्यांनी डॉक्टरांना दोन्ही हात उचलून आशीर्वाद दिला. डॉक्टरांनी तो वाकून घेतला.

पुढचे आठ दिवस गुरुजी पडल्या पडल्या पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते. अठरावे पान मला सापडले नाही, हे मी सांगितले, तेव्हा त्यांनी ते अपेक्षितच होते असे म्हणून स्वतःचे कागद पुढे केले. त्या हरवलेल्या पानावर जे असणार ते त्यांनी तर्काने पुन्हा उभे केले होते. दोन नाड्यांच्या मताचे अकरा श्लोकांत खंडन. श्लोक अप्रतिम होते. टाके अजून काढायचे होते.

पैठणला परतल्यावर एके दिवशी सकाळी त्यांनी मला देवघरात बोलावले आणि समोर बसवले.

“तुला वाटत असेल, मी विसरलो.”

मी खाली मान घातली.

“तू माझ्याशी खोटं बोललास, पद्मनाभ. माझे प्राण वाचावेत म्हणून बोललास, हे मी जाणतो. म्हणून मी रागावलो नाही. पण पाप ते पाप.”

मला रडू आले. इतके दिवस उरावर घेऊन वावरत असलेला दगड त्यांनी आपल्या हाताने उचलला, असे वाटले. मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि क्षमा मागितली.

“एका ऋषीचं वचन,” गुरुजी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “परक्या माणसादेखत स्वतःचं म्हणून सांगितलंस. दुसऱ्याच्या पुण्याईवर असा हात घालू नये. चार दिवसांचं पादकृच्छ्र कर आणि मोकळा हो.”

मी डोके वर केले. त्यांच्या चेहऱ्यावर वात्सल्यावाचून काही नव्हते. मी काहीही म्हटले असते तरी त्याचे खंडन तयार होते. मी बरे म्हणालो.

पादकृच्छ्राची रीत अशी: पहिल्या दिवशी फक्त दिवसा एकदा जेवायचे, दुसऱ्या दिवशी फक्त रात्री, तिसऱ्या दिवशी कोणी न मागता देईल तेवढेच खायचे आणि चौथ्या दिवशी निराहार. पहिले दोन दिवस पार पडले. तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून स्वयंपाकघराच्या पायरीवर मुकाट बसलो होतो. आत भाकरी भाजल्याचा वास येत होता. मागणे निषिद्ध, पण तेथे बसणे निषिद्ध आहे असे कोठेही म्हटलेले नाही.

बऱ्याच वेळाने आक्का ताट घेऊन बाहेर आल्या. भाकरी, पिठले, वर तेलाची धार. ते त्यांनी माझ्यासमोर ठेवले आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

“हे कशाचं म्हणालास प्रायश्चित्त?”

“खरं बोलल्याचं, आक्का.”

आक्कांनी आत ओसरीकडे एकदा पाहिले. तेथे गुरुजी विद्यार्थ्यांना अकरा श्लोक शिकवत होते आणि सतरा मुले एका सुरात म्हणत होती.

“बरं,” आक्का म्हणाल्या. “जेव. आणि पुन्हा बोलू नकोस.”